वावरात, जिनिंगमध्ये छळ झाला तर: तक्रार कुठे, कशी, कधीपर्यंत

वेचणी-निंदणाला, जिनिंगमध्ये किंवा रोजगार हमीच्या कामावर मालकाने, मुकादमाने किंवा सोबतच्या मजुराने अंगाला हात लावला, घाण बोलला, मोबाइलवर अश्लील काही दाखवलं, 'माझं ऐकलं तरच उद्या काम' असं म्हटलं, तर 2013 चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा लागू होतो. रोजाने जाता, ठेकेदारामार्फत जाता, हातात कागद नाही, तरीही. मालकाने मजुरांसाठी लावलेली गाडीसुद्धा कामाचं ठिकाणच धरतात.

तक्रारीची मुदत घटनेपासून तीन महिन्यांची. त्रास वारंवार झाला असेल तर शेवटच्या घटनेपासून मोजायची. सबळ कारण असेल तर तक्रार ऐकणारी समिती ते लेखी नोंदवून मुदत आणखी तीन महिन्यांपर्यंत वाढवू शकते. पण हंगाम संपेपर्यंत थांबू नका. वेचणी आटोपली की टोळी पांगते, मुकादम दुसऱ्या गावी जातो, आणि जिने पाहिलं ती बाई साक्षीला सापडत नाही.

दहा किंवा जास्त कामगार असतील तिथे मालकाने अंतर्गत समिती नेमलीच पाहिजे; नाही नेमली तर त्याला 50,000 रुपयांपर्यंत दंड आहे. दहापेक्षा कमी मजूर असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. त्यासाठी जिल्ह्याला खेटे घालायची गरज नाही. तालुक्याला तक्रारी घेणारा नोडल अधिकारी असतो. त्याने तक्रार सात दिवसांत समितीकडे पाठवायची असते. तो कोण, हे तहसील कार्यालयात किंवा जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात विचारा.

अर्जाच्या सहा प्रती द्याव्या लागतात. सातवी स्वतःसाठी करा आणि तिच्यावर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घ्या. ही पोच नसली की पुढे 'अर्ज आलाच नाही' असं उत्तर मिळतं. अर्जात तारीख, वेळ, कोणाचं वावर, कोण हजर होतं, साक्षीदारांची नावं-पत्ते लिहा. तो जे बोलला ते त्याच्याच शब्दांत, वऱ्हाडीत असेल तर वऱ्हाडीतच. 'गैरवर्तन केले' एवढ्यावर चौकशीत काहीच उभं राहत नाही. लिहिता येत नसेल तर लिहून देण्यास मदत करणं हे समितीचं कर्तव्य आहे.

त्याच अर्जात तात्पुरत्या संरक्षणाची मागणी करा: दोघांपैकी एकाची दुसऱ्या जागी बदली, किंवा तुम्हाला तीन महिन्यांपर्यंत रजा. हे मागितल्याशिवाय मिळत नाही, आणि बहुतेक अर्जांत नेमकं हेच राहून जातं.

चौकशी 90 दिवसांत संपली पाहिजे. मधल्या काळात गावात बैठक बसवून पैसे देऊन मिटवायचा दबाव येतो. समितीपुढे समेट होतो तो फक्त तुम्ही स्वतः मागितला तरच, आणि त्यात पैशाचा सौदा चालत नाही. आरोप सिद्ध झाला नाही एवढ्यावरून तुमची तक्रार खोटी ठरत नाही. ही भीती मनातून काढून टाका.

पोलिसांची वाट वेगळी आहे. समितीकडे गेलात म्हणून ती बंद होत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 75 खाली लैंगिक छळ हा गुन्हा आहे. हद्द दुसरी असली तरी ठाण्याने गुन्हा नोंदवलाच पाहिजे. जबाब महिला अधिकाऱ्याने घ्यायचा, आणि एफआयआरची प्रत फुकट मिळते. नोंदवत नसतील तर तीच तक्रार टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवा. तुम्ही अनुसूचित जाती-जमातीच्या असाल आणि तो नसेल, तर अत्याचार प्रतिबंधक कायद्याची कलमं लावा, असं तिथेच सांगा. त्यात सरकारी आर्थिक मदतही मिळते.

वकिलाचा खर्च नको. बाईला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो: तालुका न्यायालयातली विधी सेवा समिती, किंवा 15100. तातडीला 112, महिलांसाठी 181.

बुडालेली मजुरी, दवाखान्याचा खर्च, मनाला झालेला त्रास यांची भरपाई समिती ठरवते. त्याने पैसे दिले नाहीत तर ते जमीन महसुलाच्या थकबाकीसारखे वसूल होतात. निकाल पटला नाही तर 90 दिवसांत अपील करता येतं.