यकृताच्या शिरांत गुठळी झाल्यानंतर: क्वचित होणाऱ्या गुंतागुंती घरी कशा ओळखाव्यात

यकृतातले रक्त तीन मोठ्या शिरांवाटे अधोमहाशिरेत आणि तिथून हृदयाकडे जाते. या वाटेवर गुठळी होऊन रक्त तुंबले की जो आजार होतो त्याला, १८४५ मध्ये त्याविषयी लिहिणारे जॉर्ज बड आणि १८९९ मध्ये त्यात भर घालणारे हान्स कियारी यांच्या नावांवरून, बड-कियारी सिंड्रोम म्हणतात. निदान बहुधा शिरांतला रक्तप्रवाह दाखवणाऱ्या डॉप्लर सोनोग्राफीने होते आणि उपचारात रक्त पातळ ठेवणारी औषधे, शिरेत फुगा किंवा स्टेंट, यकृतातून नवी वाट काढणारी टिप्स आणि अगदी शेवटी प्रत्यारोपण असा क्रम असतो. हे सगळे डॉक्टरांचे काम झाले. घरच्यांच्या वाट्याला येतात ती त्यानंतरची वर्षे, आणि त्या वर्षांत काय पाहायचे हे घाईच्या ओपीडीत कोणी बसवून सांगत नाही. माझ्या धाकट्या बहिणीच्या आजारपणात आम्ही जे शिकलो ते येथे लिहीत आहे. औषधाचा निर्णय मात्र प्रत्येकाने आपल्या डॉक्टरांकडूनच घ्यावा.

सुरुवात वजनकाट्यापासून करावी. रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापूर्वी, वजन करावे आणि शिंप्याच्या टेपने बेंबीवरून पोटाचा घेर मोजून वहीत लिहावा. दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोने वाढले तर ते अंगावर चढलेले मांस नसून पोटात साठलेले पाणी असते. त्यामागे स्टेंट किंवा टिप्स पुन्हा तुंबणे हेही कारण असू शकते, म्हणून पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉप्लर करून घ्यावी. त्याच वेळी पाठीवर आणि कुशीत फुगलेल्या निळ्या शिरा दिसतात का, हेही पाहावे, कारण अधोमहाशिरेत अडथळा असला की रक्त अशा आडवाटा शोधते. पोटात पाणी असताना ताप आला किंवा पोट दुखू लागले तर त्या पाण्यात जंतुसंसर्ग झाल्याची शक्यता असते. अशा वेळी तापाची गोळी देऊन रात्र काढू नये, त्याच दिवशी पाणी तपासून घ्यावे. मिठाच्या बाबतीत आपल्याकडचा खरा शत्रू जेवणाच्या ताटातली डावी बाजू, म्हणजे लोणचे आणि पापड, आणि पावसाळ्यातले सुके बोंबील.

दमाचा भाग सर्वांत फसवा आहे. पोटात पाणी झालेल्या माणसाला आडवे झाल्यावर धाप लागते आणि उठून बसल्यावर बरे वाटते, हे सगळ्यांना ठाऊक असते. याच्या नेमके उलट, म्हणजे बसल्यावर किंवा उभे राहिल्यावर दम लागणे आणि आडवे झाल्यावर तो उतरणे, हे हेपॅटोपल्मोनरी सिंड्रोम या क्वचित होणाऱ्या गुंतागुंतीचे लक्षण आहे. तीत फुप्फुसांतल्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात आणि रक्त पुरता प्राणवायू न घेताच पुढे निघून जाते. कोविडच्या काळात घेतलेला ऑक्सिमीटर बहुतेक घरांत पडून आहे, तो येथे कामी येतो. रुग्णाला दहा मिनिटे पाठीवर झोपवून आकडा लिहावा, मग दहा मिनिटे ताठ बसवून पुन्हा लिहावा, आणि हे तीन-चार दिवस करावे. बसल्यावरचा आकडा दर वेळी खाली येत असेल तर वही घेऊन डॉक्टरांकडे जावे आणि हृदयाच्या बुडबुड्यांच्या इको तपासणीविषयी विचारावे. एकाएकी दम लागून छातीत कळ आली, तर मात्र मोजमाप करत बसू नये. गुठळी फुप्फुसात गेली असू शकते, म्हणून १०८ वर फोन करावा.

मेंदूवर होणारा परिणाम त्याहून हळू पावलांनी येतो, विशेषतः टिप्स झालेल्यांमध्ये. आमची बहीण बँकेत नोकरीला होती आणि तिची सही छापल्यासारखी असे, म्हणून आम्ही तिला रोज सकाळी त्याच वहीत वजनाच्या खाली सही करायला सांगत होतो. एका बुधवारी सहीतले शेवटचे अक्षर ओळीखाली घसरले, गुरुवारी आडनावातला एक काना गळला. ती नीट बोलत होती, हसत होती, फक्त दुपारभर झोपायची आणि रात्री जागी असायची. चौकशी केल्यावर कळले की तीन दिवस तिचे पोट साफ झाले नव्हते. बद्धकोष्ठ, जंतुसंसर्ग, पोटातला रक्तस्राव किंवा झोपेची गोळी यांतले काहीही मेंदूवरच्या या परिणामाला निमित्त पुरते. पोट साफ ठेवणाऱ्या लॅक्टुलोज या औषधाची मात्रा दिवसाला दोन-तीन मऊ शौच होतील अशी बेताने ठेवतात, आणि झोपेची गोळी परस्पर कधीही देऊ नये.

रक्त पातळ करणारे औषध हे या आजारात तारणारे आणि मारणारे दोन्ही आहे. त्यांतले वॉरफेरिन चालू असेल तर आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो हे सांगणारा तपासणीचा आकडा, साधारणपणे २ ते ३ च्या दरम्यान ठेवतात. श्रावणात आपल्याकडे अळू, माठ आणि रानभाज्या ताटात येतात, त्यांतल्या के जीवनसत्त्वाने हा आकडा खाली येतो, आणि मग भीतीने भाजी बंद केली की तो वर चढतो. भाजी सोडू नये, वर्षभर तिचे प्रमाण सारखे ठेवावे. गुडघा दुखतो म्हणून नाक्यावरच्या औषधवाल्याने दिलेली डायक्लोफेनॅकची गोळी आमच्याकडे एकदा घेतली गेली आणि तिसऱ्या दिवशी शौचाला डांबरासारखे काळे, चिकट झाले. लोहाच्या गोळ्यांनीही रंग काळपट होतो, पण तो चिकटपणा आणि तो उग्र वास रक्ताचाच. डेंग्यूच्या दिवसांत ताप आला तर प्लेटलेट तपासल्याशिवाय वॉरफेरिन तसेच चालू ठेवावे की नाही, हे डॉक्टरांना फोन करून विचारावे. काढ्यांपासूनही दूर राहावे. गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद मुंबईतल्याच डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली होती. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही, पण ज्याचे यकृत आधीच अडचणीत आहे त्याने या वादात प्रयोगाला बसू नये, असे माझे मत आहे.

काही वर्षांनी सोनोग्राफीत गाठ दिसली की घरात रडारड सुरू होते. बड-कियारीत रक्तपुरवठा बदलल्यामुळे निरुपद्रवी गाठी वारंवार होतात आणि सीटी स्कॅनमध्ये त्या कर्करोगासारख्या उजळ दिसू शकतात. यकृताचा कर्करोगही होतो, म्हणून दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि एएफपी ही रक्ततपासणी चुकवू नये. गाठ दिसल्यास जुन्या सगळ्या सीडी घेऊन यकृताच्या प्रतिमा रोज पाहणाऱ्या रेडिओलॉजिस्टचे मत घ्यावे.

गुठळी मुळात का झाली, हा प्रश्न मागे पडू देऊ नये. अनेकांत मूळ आजार अस्थिमज्जेचा, म्हणजे तीत रक्तपेशी जास्त बनण्याचा असतो, आणि प्लीहा मोठी झाल्याने किंवा रक्तस्रावाने हिमोग्लोबिन साधारण दिसत असल्यामुळे तो झाकला जातो. म्हणून जॅक-टू या जनुकाची तपासणी झाली आहे का, हे विचारावे. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात रक्ताच्या आजारांवर संशोधन करणारी आयसीएमआरची राष्ट्रीय संस्था आहे, तिच्याविषयी आपल्या डॉक्टरांकडे चौकशी करता येते. स्त्रियांनी गर्भनिरोधक गोळ्या टाळाव्यात आणि मूल हवे असल्यास आधीच बोलावे, कारण वॉरफेरिन गर्भाला घातक ठरू शकते आणि त्या काळात बहुधा रक्त पातळ ठेवणाऱ्या हेपारिनची इंजेक्शने दिली जातात.

फाइलच्या पहिल्या पानावर आजाराचे नाव, स्टेंट किंवा टिप्सची तारीख, वॉरफेरिनची मात्रा, शेवटचा आयएनआर आणि घरच्या दोघांचे फोन नंबर ठळक लिहावेत, त्या पानाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा आणि फाइल झिपच्या प्लास्टिक पिशवीत घालावी. जुलैत परळ स्थानकावरून रुग्णालयापर्यंत पोचताना आमची अर्धी शाई विरघळली होती.