मोसंबीच्या बिनपापुद्र्याच्या फोडी: आदल्या रात्रीपासूनची तयारी

दहा जणांच्या फ्रूट सॅलडला मोसंबीच्या स्वच्छ फोडी हव्या असतील तर दोन किलो मोसंबी आणा. साल, पापुद्रे, बिया आणि निथळलेला रस वजा जाता किलोमागे साडेतीनशे-चारशे ग्रॅमच फोडी हाती लागतात. किलोभरात भागेल म्हणणारे ऐनवेळी केळी चिरत बसतात. मार्केट यार्डाच्या बाजारभावात मोसंबी फळाच्या आकारानुसार ‘तीन डझन’ आणि ‘चार डझन’ अशी दिलेली असते. तीन डझनाचं फळ मोठं, या कामाला तेच बरं. मंडईत निवडताना रंगावर जाऊ नका. रात्री पुरेशी थंडी नसेल तर पिकलेल्या मोसंबीची सालही हिरवट राहते. सारख्या आकाराची दोन फळं दोन हातांत तोला आणि जड लागेल ते पिशवीत टाका. फुगीर, हलकं फळ आतून कोरडं निघतं.

सुरी आदल्या रात्रीच तपासा. पिकलेल्या टोमॅटोवर नुसती टेकवून ओढली की साल कापली गेली पाहिजे. दाबावं लागलं तर आधी धार लावा. पातं पाच-सहा इंची, अरुंद आणि पातळ हवं. दातेरी सुरीने गर फाटतो. लोखंडी विळीही नको, आंबट रसाने पातं काळं पडतं आणि फोडींना लोखंडाची चव येते. फळं धुऊन, पुसून दोन तास फ्रिजमध्ये ठेवा. गार गर घट्ट राहतो, फोड मधेच तुटत नाही. कापायच्या बोर्डाखाली ओलं फडकं, समोर पातेल्यावर चाळणी, बाजूला बियांना वाटी.

आता फळाचं बूड आणि शेंडा असे कापा की आतल्या फोडींचं चाक स्पष्ट दिसेल. पांढरंच दिसत असेल तर आणखी एक पातळ चकती काढा. फळ त्या सपाट बाजूवर उभं करा आणि वरून खाली, फळाच्या गोलाईने, बोटभर रुंद पट्ट्यांत साल उतरवा. सुरी सरळ खाली नेली की पोटाचा गर सालीबरोबर जातो आणि खालच्या कडेला पांढरं तसंच राहतं. सालीखालचा पांढरा थर आणि त्याला चिकटलेला बाहेरचा पापुद्रा एकदमच निघायला हवेत. राहिलेले ठिपके फळ उलटं करून खरवडा.

सोललेलं फळ डाव्या हातात, चाळणीवर धरा. पापुद्र्याची पांढरी रेघ दिसते, तिच्या अगदी आतून पातं मध्यापर्यंत सरकवा आणि थांबा. मध्याच्या पुढे गेलात तर पलीकडची फोडही चिरली. मग पात्याची धार बाहेरच्या बाजूला वळवून दुसऱ्या पापुद्र्यालगत ढकला, फोड अलगद सुटून चाळणीत पडते. सुरी खटकन अडली तर बी आहे. जोर न लावता टोकाने ती वाटीत उडवा. रिकामा पापुद्रा वहीच्या पानासारखा अंगठ्याखाली दुमडा आणि पुढची रेघ धरा. पहिल्या दोन फोडी बहुधा तुटतातच, त्या कापणाऱ्याच्या.

उरलेला चोथा वेगळ्या भांड्यावर पिळा, पण हलक्या हाताने. पापुद्र्यात आणि बियांत लिमोनिन हे कडू द्रव्य तयार करणारा घटक असतो. तो आधी कडू लागत नाही, आंबट रसात मिसळला की हळूहळू कडू होतो. म्हणूनच मोसंबीचा रस ठेवला की बिघडतो. पिळलेला रस लगेच पिऊन टाका. फोडींवर ओतायचा तो आधी निथळलेला रस, पिळलेला नव्हे. फोडी काचेच्या डब्यात, झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवल्या तर दुसऱ्या दिवसापर्यंत चांगल्या राहतात. साखर आधी घालू नका, पाणी सुटतं. कस्टर्डमध्ये घालायच्या असतील तर पंधरा मिनिटं निथळून, अगदी वाढताना घाला, नाहीतर दूध फाटतं.

नागपुरी संत्र्याला मात्र ही रीत लावू नका. त्याची साल सैल, फोडी सुट्या. सुरी लावली की फळ हातात दबतं. हाताने सोला, दोरे काढा, फोडीची आतली कड कात्रीने कापून बिया काढा आणि पापुद्रा मागे ओढा. गणपतीच्या सुमारास येणाऱ्या पपनसाला सुरी फक्त जाड साल चिरण्यापुरती लागते. त्याचा पापुद्रा चिवट आणि कडवट असतो, पण गर इतका घट्ट की कड फाडून ओढली की फोड अख्खी बाहेर येते.