सापाचा श्वास मोजण्याआधी त्याचे तापमान मोजा : या चुका टाळा

निफाडचा पारा उतरला की द्राक्षबागेत शेकोट्या पेटतात. त्याच सकाळी मोटारीच्या शेडमध्ये किंवा ड्रिपच्या पाइपांच्या भेंडोळ्यात ‘मेलेली’ धामण सापडल्याचे फोन सर्पमित्रांना येतात. अंग गार, हालचाल नाही, दोन मिनिटे बघूनही बरगड्या हलत नाहीत. यातले काही साप जिवंत असतात आणि निव्वळ घाईमुळे उकिरड्यावर जातात.

मूळ चूक एकच आहे. श्वास मोजला जातो, तापमान मोजले जात नाही.

सापाचा श्वास आपल्यासारखा एकसारखा चालत नाही. आधी उच्छ्वास, लागलीच श्वास, मग घशातली चीर मिटते आणि विराम सुरू होतो. ही लय मस्तिष्कस्तंभात, म्हणजे मेंदूच्या देठात तयार होते. आणि साप-कासवांत हा देठ उरलेल्या शरीरासोबतच गार-गरम होतो. गारठा वाढला की एकेका श्वासात आत जाणारी हवा फारशी बदलत नाही, मधला विराम मात्र ताणत जातो. यात तोटा नाही, कारण शरीर 10 अंशांनी उतरले की प्राणवायूची गरजही निम्म्यावर किंवा त्याहून खाली येते. म्हणजे 12 अंशांना दिसणारी शांतता नेहमीची असू शकते, तीच 28 अंशांना दिसली तर धोका समजावा.

म्हणून नोंदवहीत श्वासाच्या आकड्याशेजारी तापमान आणि वेळ लिहाच. एक मिनिट मोजून चारने-पाचने गुणू नका. उबदार प्राण्यात सलग 5 मिनिटे मोजा, गारठलेल्यात निदान 10. सापात शरीराच्या पुढच्या भागाची बाजू हलकेच फुगून बसते. कासवात पुढच्या पायांच्या बगलेतली कातडी आत-बाहेर होते. प्राणी पारदर्शक बरणीत ठेवला असेल तर बाहेरून, तिरप्या उजेडात हे स्पष्ट दिसते. तोंड उघडून बघायला जाऊ नका. घोणस थंडीतही सक्रिय असते, आणि निपचित दिसणारा नागसुद्धा चावतो.

तापमान मोजतानाही गफलत होते. इन्फ्रारेड तापमापक काचेतून रोखला तर तो काचेचे तापमान सांगतो, सापाचे नाही. झाकण उघडणे धोक्याचे असेल, तर वायरच्या टोकाला सेन्सर असलेला साधा डिजिटल तापमापक झाकणाच्या छिद्रातून आत सोडा. अर्ध्या-पाऊण तासाने शरीर आणि बरणीतली हवा बऱ्यापैकी जुळलेली असते. मोठ्या, जाड सापाला अधिक वेळ द्या.

दुसरी चूक ऊब देण्याची. शेकोटीजवळ ठेवणे, कोमट पाण्यात बुडवणे, 100 वॅटचा बल्ब अंगावर लावणे, यांत कातडी भाजते आणि गाभा गारच राहतो. गारठलेला प्राणी तिथून सरकूही शकत नाही. छिद्रे असलेल्या बरणीत किंवा खोक्यात ठेवून खोलीचे तापमान तासाला 2–3 अंशांनी वाढवत 26–28 पर्यंत न्या. छिद्रांचे कारणही मेंदूतच आहे. थंडीत प्राणवायू कमी पडल्याची जाणीव बोथट असते, त्यामुळे कोंदट बरणीतला साप तक्रार करत नाही. ऊब चढते तशी गरज वाढते, जाणीवही तीव्र होते, आणि हवा तेव्हाच अपुरी पडते. मेल्याचे ठरवायची घाई करू नका. ऊब देऊन 24 तास थांबा, पशुवैद्यकाकडे डॉप्लर (ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह ऐकवणारे यंत्र) असेल तर हृदयाचा ठोका तपासून घ्या.

एप्रिल-मेमध्ये गोष्ट उलटते. दुचाकीला टांगलेल्या बरणीवर ऊन पडले की काही मिनिटांत आतले तापमान जीवघेणे होते. सरडे आणि मगरी अंग थंड करायला जबडा उघडतात, पण सापाने तोंड वासून ठेवले, मान उंचावली, घशातून बुडबुडे आले, तर उष्माघात किंवा फुप्फुसाचा संसर्ग समजा. छाती-पोटामधला आपल्यासारखा स्नायूपडदा त्याला नाही, त्यामुळे खोकून कफ बाहेर टाकणे त्याला जमत नाही.

रक्ततपासणीत एक चूक हमखास होते. कासव तापले की श्वास वाढतो, पण गरजेइतका नाही. कार्बन डायऑक्साइड साठतो आणि रक्ताचा पीएच (आम्लतेचा आकडा, तो जितका कमी तितकी आम्लता जास्त) दर अंशाला सुमारे 0.015 ने उतरतो. मेंदू ही घसरण रोखत नाही, तिच्याशी जुळवूनच श्वास ठेवतो. शरीरक्रियाशास्त्रज्ञ रीव्हज यांनी 1972 मध्ये मांडलेली अल्फास्टॅट कल्पना (तापमान बदलले तरी प्रथिनांवरचा विद्युतभार कायम राहावा असा पीएच राखला जातो) याच घसरणीचा अर्थ लावते. रक्तवायू यंत्र मात्र नमुना 37 अंशांवर नेऊन मोजते. 22 अंशांच्या कासवाचा पीएच त्यामुळे कागदावर 0.2 हून अधिक कमी दिसतो आणि नसलेल्या आम्लतेवर उपचार सुरू होतात. नमुन्यासोबत शरीराचे तापमान लिहून द्या, दुरुस्ती करून घ्या. घोरपडीच्या कुळात ही घसरण कमी असते. कासवाचा आकडा तिला लावू नका.

घरातल्या लाल कानाच्या कासवाला डिसेंबरात नाकातून बुडबुडे येतात, ते एका अंगावर कलून पोहते. नुसते प्रतिजैविक देऊन भागत नाही. पाणी 24–27 अंशांवर, कोरडी बसायची जागा 30–32 वर आणा, तोवर खाऊ घालू नका. गोदावरीतले स्थानिक कासव असेल तर ते घरी ठेवणे 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. वनविभागाच्या 1926 या हेल्पलाइन क्रमांकावर कळवा.

भूल दिलेला प्राणी जागा होत नाही म्हणून शुद्ध प्राणवायू लावून ठेवणे हीसुद्धा चूकच. सरपटणाऱ्यांत प्राणवायूची कमतरता हा श्वास घेण्याचा मोठा इशारा असतो. तो विझला की पहिला श्वास लांबतो. अंबू बॅगने (हाताने दाबून फुप्फुसात हवा भरायच्या पिशवीने) खोलीतलीच हवा मिनिटाला 2–4 वेळा द्या, अंग 26–28 वर राखा. फ्रीजमध्ये ठेवणे म्हणजे भूल नव्हे: प्राणी हलत नाही, वेदना मात्र थांबल्याची खात्री देता येत नाही.

जाळ्यात बुडालेले कासव मिळाले तर पाठीवर उताणे करू नका, आतड्यांचा भार फुप्फुसांवर पडतो. पालथेच ठेवून डोके खाली कलवा, मान हळूच ओढून पाणी निथळू द्या, मग सावलीत, 25 अंशांच्या आसपास ठेवून पुढच्या पायांच्या बगलेवर नजर ठेवा.