आम्लवर्षा कितव्या पानावर? मुलांना पाठ्यपुस्तक हाताळायला शिकवताना

जूनमध्ये नवी पुस्तके हातात पडली की आपण लगेच पाठ पहिला उघडायला लावतो. मी आठवीला विज्ञान शिकवते. सुरुवातीचा एखादा तास तरी मी पाठाला हात लावत नाही. त्या तासाला फक्त शोधाशोध करायची.

अनुक्रमणिका म्हणजे काय, हे समजावत बसू नका. मुले माना डोलावतात आणि घंटा झाली की विसरतात. त्याऐवजी प्रश्न द्या. बालभारतीच्या आठवीच्या सामान्य विज्ञानात 19 पाठ आहेत. ‘ध्वनी’ कितव्या पानावर, हे कोणीही सांगेल. मग विचारा, “कृष्णविवर कुठे सापडेल?” अनुक्रमणिकेत तो शब्दच नाही. थोड्या वेळाने कोणाचे तरी बोट शेवटच्या ‘ताऱ्यांची जीवनयात्रा’वर टेकते. “कसं ओळखलंस?” एवढेच विचारा आणि त्याचे उत्तर सगळ्या वर्गाला ऐकू द्या. डेंग्यू विचारला तर ‘आरोग्य व रोग’ चटकन निघते.

खरी गंमत आम्लवर्षेची. बहुतेक मुले ‘आम्ल, आम्लारी ओळख’ हा बारावा पाठ उघडून पाने उलटत बसतात. उलटू द्या, घाई नको. मग विचारा, पावसात आम्ल येते कुठून? गाड्या, कारखाने, धूर असे करत गाडी ‘प्रदूषण’ या आठव्या पाठावर येते. नाव सारखे दिसले म्हणून पाठ तोच असेल असे नाही, हे मुलांना इथे कळते. माझ्या मते सगळ्या तासाचे सार एवढ्यातच आहे. वेळ कमी पडला तर बाकीचे गाळा, हा प्रश्न गाळू नका.

पाठाच्या आतली रचना पटकन उरकता येते. ‘थोडे आठवा’ मागच्या इयत्तेशी जोडलेले, ‘करून पहा’ म्हणजे प्रयोग, ‘माहीत आहे का तुम्हांला?’ ही जादा माहिती, शेवटी स्वाध्याय. मात्र पाठ वाचण्याआधी स्वाध्याय वाचून घ्यायची सवय लावा. काय शोधायचे ते ठाऊक असले की वाचताना डोळे झोपत नाहीत. क्यूआर कोड घरी मोबाइलवर बघायला सांगा. गणितातल्या उत्तरसूचीची ओळख करून देण्याची गरज नाही; ती मुलांना सरावसंचाच्याही आधी सापडलेली असते.

प्रथमावृत्तीचे वर्ष असलेले पानही एकदा उघडायला लावा. तिथे विषय समिती, चित्रकार, अक्षरजुळणी, कागदाचा प्रकारसुद्धा छापलेला असतो. पुस्तक इतक्या माणसांनी मिळून केलेले असते याचे मुलांना भारी नवल वाटते. परीक्षेला उपयोग शून्य, तरी पाच मिनिटे द्यावीत.

आपल्या पाठ्यपुस्तकांत मागे अकारविल्हे सूची सहसा नसते. ती मुलांकडूनच करून घ्या. वहीची मागची पाने राखून ठेवायची, प्रत्येक अक्षराला थोडी जागा. पाठ संपला की त्यातले पाच-सहा महत्त्वाचे शब्द पान क्रमांकासह त्या त्या अक्षराखाली लिहायचे. एकच शब्द दुसऱ्या पाठात भेटला तर नवी ओळ नको, आधीच्या क्रमांकापुढे स्वल्पविराम देऊन नवा क्रमांक जोडायचा. मुळाक्षरे चालीत म्हणणारी मुलेही ‘द’ आधी की ‘न’ इथे अडखळतात. फळ्याच्या बाजूला वर्णमालेचा तक्ता लावून ठेवा.

‘धातू-अधातू’ पाठात ‘क्षरण’ आले की वाद होणारच: ते ‘क’मध्ये लिहायचे की शेवटी? कोशांत दोन्ही रीती दिसतात. शाळेच्या ग्रंथालयातला मराठी शब्दकोश वर्गात आणा, ‘क्षमा’ कुठे दिली आहे ते मुलांनाच शोधू द्या, आणि तीच रीत वर्षभर पाळा.