ओडीसी मोजणार आहात? मग आधी बायोप्सीच्या खोलीत उभे राहा

ऑर्निथिन डीकार्बॉक्सिलेज, म्हणजे ओडीसी, या एन्झाइमवर पीएचडी घेतलीत की लूक आणि बेलिनचा 1984चा पेपर हातात पडतोच. फॅमिलियल पॉलिपोसिसच्या (आतड्यात ढीगभर पॉलिप, म्हणजे गाठी, येणारा आनुवंशिक आजार) रुग्णांत मोठ्या आतड्याच्या अस्तरात या एन्झाइमची ॲक्टिव्हिटी वाढलेली, म्हणून ती कॅन्सरच्या जोखमीची खूण. इथपर्यंत सगळ्यांना पाठ असतं.

माझ्या पहिल्या 14 सॅम्पलांत उलटंच आलं. पॉलिपवाल्यांची ॲक्टिव्हिटी कमी, निरोगी लोकांची जास्त! मी चाचणीतली रसायनं तपासली: पायरिडॉक्सल फॉस्फेट बदललं, नवीन डीटीटी मागवलं. किरणोत्सार मोजणाऱ्या सिंटिलेशन काउंटरला शिव्या घातल्या. तीन आठवडे गेले.

मग एके दिवशी एन्डोस्कोपीच्या खोलीत जाऊन नुसती उभी राहिले. निरोगी माणसाचा तुकडा चिमट्यातून थेट माझ्या व्हायलमध्ये पडत होता. पॉलिपवाल्याचा मात्र सलाइनच्या गॉजवर, ट्रेच्या कोपऱ्यात. आधी पॉलिप काढायचा, रक्त थांबलं का बघायचं, पॅथॉलॉजीचा फॉर्म भरायचा, मग माझी पाळी. वीस-पंचवीस मिनिटं. आणि ओडीसीचं अर्धायुष्य? दहा ते तीस मिनिटं! शरीराबाहेर नवीन एन्झाइम फारसं बनत नाही, असलेलं पेशीतलं प्रथिनं तोडणारं यंत्र, प्रोटिओसोम, तोडत राहतं. म्हणजे मी कॅन्सरची जोखीम नाही, सिस्टरची घाई मोजत होते. उशीर सगळ्यांना सारखा झाला असता तर निदान तुलना तरी वाचली असती. तो नेमका एकाच गटाला झाला होता.

प्रोटोकॉलमध्ये 'लगेच गोठवा' एवढंच होतं. सीनियरांच्या लिखाणातल्या 'लगेच'वर माझा आता काडीचा विश्वास नाही. व्हायलींवर लेबलं आदल्या रात्री लावा, लिक्विड नायट्रोजनचा डबा टेबलाशेजारी ठेवा, तुकडा निघाल्याची आणि गोठवल्याची वेळ मिनिटांत लिहा. कुणावरही सोपवू नका.

अँटिबॉडीने प्रथिन मोजणाऱ्या एलायझा किटचा मोह होईल. ती प्रथिन किती आहे ते सांगते, ते काम किती करतंय ते नाही. आणि डीएफएमओ (ओडीसी बंद पाडणारं औषध) घातलेला ब्लँक, म्हणजे तुलनेची नळी, टाळू नका: आपण मोजतो तो ऑर्निथिनमधून सुटणारा कार्बन डायऑक्साइड, आणि तो मायटोकॉन्ड्रियाही सोडतात.

काउंट ब्लँकच्या जेमतेम वर आले तर रडू नका. काही मिलिग्रॅमच्या निरोगी तुकड्यात तेवढंच येतं. आणि विषय फालतू नाही: 2008च्या मेस्केन्सच्या चाचणीत, 375 जणांत, डीएफएमओ आणि सुलिंडॅक या दाहशामक गोळीने ॲडेनोमा (कॅन्सरकडे झुकू शकणारे पॉलिप) परत येण्याचं प्रमाण 41 टक्क्यांवरून 12वर आलं होतं.

माझी ती 14 सॅम्पलं थिसिसमध्ये नाहीत. व्हायली अजून फ्रीझरमध्ये आहेत, टाकवत नाहीत.