एफई सुरू होण्याआधी (आणि सह्यांचं तेवढं बघ)

मावसभावाला इंजिनिअरिंगच्या कॅप राउंडमध्ये (प्रवेशाच्या फेरीत) नाशिकचं कॉलेज लागलं. परवा मावशीचा फोन आला, "अरे, त्याला काय काय लागेल ते सांग ना, तू केलंयस सगळं." केलंय खरं, पण एफईला, म्हणजे पहिल्या वर्षी, एम-1 (गणिताचा पहिला पेपर) बॅक राहिला होता हे मावशीला माहीत आहे, का राहिला ते नाही. गणित येत नव्हतं म्हणून नाही राहिला, जर्नलवर (प्रयोगवहीवर) सरांच्या सह्या नव्हत्या म्हणून राहिला. त्याला फोनवर सांगितलं असतं तर "हो दादा, हो दादा" करून विसरला असता. म्हणून लिहून काढतोय. अजून कुणाच्या उपयोगी पडलं तर पडो.

कागदपत्रांच्या झेरॉक्स, फोटो, दाखले हे मावशीने एव्हाना फाइलला लावलंच असेल. महाडीबीटीचा (सरकारी शिष्यवृत्तीचा) फॉर्म मात्र तू स्वतः भर, कॅफेवाल्यावर सोडू नकोस. बँक खातं आधारला जोडलेलं आहे का ते आधी बघ, नाहीतर शिष्यवृत्ती मंजूर दिसते आणि पैसे अडकून पडतात.

सामानात ड्रॉइंगसाठी मिनी ड्राफ्टर, शीटचा डबा, 2एच आणि एचबी पेन्सिली, वर्कशॉपला अ‍ॅप्रन. तिथे चपलेवर गेलास तर परत पाठवतात, बूट घाल. कॅल्क्युलेटर प्रोग्रामेबल नको, निम्म्या वर्गाकडे कॅसिओचा एफएक्स-991 असतो तोच घे. पुस्तकं जुनी चालतील, पण कव्हरवरचा पॅटर्न, म्हणजे कुठल्या वर्षीचा अभ्यासक्रम, ते वाच. पुणे विद्यापीठाचा पॅटर्न 2015, 2019, 2024 असा बदलत आलाय आणि सीनियर लोक मोठ्या मायेने 2019 ची पुस्तकं गळ्यात मारतात. कॉलेज स्वायत्त असेल तर अभ्यासक्रम त्यांचा स्वतःचा असतो. मग वेबसाइटवरून तो काढ आणि त्यानंतरच पुस्तकाला हात लाव.

आता सह्या.

प्रॅक्टिकल झालं की रीडिंग त्याच दिवशी तपासून घ्यायचं. पुढच्या प्रॅक्टिकलला मागचा प्रयोग लिहून न्यायचा आणि सही घ्यायची. प्रयोगाच्या शेवटी एक, अनुक्रमणिकेत एक, दोन्हीखाली तारीख. एवढंच आहे. मी काय केलं, तर प्रयोग सगळे केले, लिहिलेही सगळे, अक्षरसुद्धा बरं होतं. सह्या शेवटी एकदम घेऊ म्हटलं. सर चांगले होते, त्यांनी कधी टोकलं नाही. सेमच्या मध्यात ते सर नोकरी सोडून गेले. नवीन मॅडम म्हणाल्या, "मी न बघितलेल्या प्रयोगावर सही कशी करू?" बरोबरच होतं त्यांचं. पाच प्रयोग पुन्हा करायचे ठरले, तेही लॅब रिकामी असेल तेव्हा. परीक्षेआधीची सुटी, जी एम-1 साठी राखून ठेवली होती, ती स्टाफरूमच्या बाहेर जर्नल छातीशी धरून उभं राहण्यात गेली. टर्मवर्कचे (सेमभराच्या कामाचे) मार्क गेले ते वेगळेच. त्यामुळे सही त्याच आठवड्यात. सर कितीही चांगले असोत. चांगल्या सरांकडूनच आधी घे.

एम-1 बद्दल. सीईटीला गणिताचे 50 प्रश्न, प्रत्येकी 2 मार्क, निगेटिव्ह मार्किंग नाही. दोन वर्षं तू पर्यायांवरून उत्तर हुडकायला शिकलास. इथे पर्याय नसतात, कोरा कागद असतो आणि मार्क पायऱ्यांना असतात. पार्शियल डिफरन्सिएशनमध्ये उत्तर चुकलं तरी पायऱ्या नीट असतील तर बरंच काही हाती लागतं. उलट नुसतं उत्तर लिहिलंस तर काही नाही. रोज दोन गणितं पूर्ण, शेवटच्या ओळीपर्यंत, हाताने. व्हिडिओ बघून "कळलं" वाटतं ते खरं नसतं. बहुतेक विषयांना सेमच्या मधले 30 आणि सेमअखेरचे 70 अशी विभागणी आहे. ते 30 गणपतीच्या आरत्यांमध्ये घालवू नकोस.

ग्राफिक्समध्ये (इंजिनिअरिंग ड्रॉइंगमध्ये) जीटी मारू नकोस. काचेखाली दिवा लावून मित्राची शीट उतरवली की सबमिशन होतं, पण परीक्षेत काच नसते. आपल्याकडे व्ह्यू मांडायला फर्स्ट अँगल पद्धत वापरतात, म्हणजे टॉप व्ह्यू फ्रंट व्ह्यूच्या खाली येतो आणि डाव्या बाजूचा व्ह्यू उजवीकडे. अर्धा वर्ग डिसेंबरपर्यंत हे उलटं काढतो. घरातली काडेपेटी घेऊन बस, चार वेळा काढलंस की डोक्यात बसेल. आणि शीटवरही सही असते, तारखेसकट. सांगितलं ना.

निफाडहून अप-डाऊन करणार असशील तर विचार कर. पहिलं प्रॅक्टिकल सकाळी असतं आणि तुमच्याकडची जानेवारीतली गारठ्याची पहाट मी तुला सांगायला नको. नाशिकच्या द्वारका चौकात बस अडकली की प्रॅक्टिकल बुडलं, आणि बुडलेल्या प्रयोगावर कुणी सही देत नाही. रूम घेतलीस तर मेसचे पैसे एकच महिना आगाऊ दे, भाजी दुसऱ्या आठवड्यात बदलते. गंगापूर रोडला रूम आणि कॉलेज आडगावला, असला उद्योग करू नकोस. बाकी सिटीलिंकचा (सिटी बसचा) पास काढ. हजेरी 75 टक्क्यांच्या खाली गेली की टर्म ग्रँट करताना, म्हणजे परीक्षेला बसू देताना, नाटकं होतात.

पावसात जर्नल प्लॅस्टिकच्या पिशवीत. शाईच्या पेनने घेतलेली सही भिजली की जाते, हे माझ्या मित्राचं झालंय, माझं नाही. माझ्याकडे भिजायला सहीच नव्हती.

पायथनचं फार टेन्शन घेऊ नकोस, कोड टाइप करून चालव, पाठ करू नकोस. मेकॅनिक्समध्ये फ्री बॉडी डायग्राम (वस्तूवरच्या बलांची आकृती). ते जमलं की बाकी बारावीचंच आहे. ओरलला जर्नल समोर ठेवतात आणि त्यातलंच विचारतात, म्हणून जर्नल दुसऱ्याकडून उतरवलेलं असलं तरी किमान वाचून जा.

दुसरं सेम. विषय बदलतात, बाकी सगळं तेच. सह्याही त्याच. एखादा विषय राहिलाच तर त्याचा फॉर्म भरायची तारीख ग्रुपवर येईल म्हणून थांबू नकोस, नोटीस बोर्ड बघ. अजून काहीतरी होतं, आठवत नाही.

ड्राफ्टर नवा घेऊ नकोस, माझा माळ्यावर आहे. एक स्क्रू ढिला आहे, येताना छोटा पेचकस आण. रविवारी दुपारनंतर ये, सकाळी मी झोपलेला असतो.