खाडीकाठच्या गावात व्यसनमुक्तांची बैठक कशी सुरू करावी आणि कशी टिकवावी

व्यसनमुक्ती केंद्रातून उपचार घेऊन परतलेला माणूस दापोलीच्या किंवा देवगडच्या स्टँडवर उतरतो, तेव्हा त्याच्याजवळ औषधांची पिशवी असते, पुढच्या तपासणीची तारीख असते आणि घरापर्यंतच्या वाटेवर ओळखीचे दोन-तीन बार असतात. पुण्या-मुंबईत अशा माणसाला संध्याकाळी जाऊन बसता येईल अशी बैठक जवळपास मिळते. आपल्याकडे कोकणात तिच्यासाठी बहुधा तालुक्याचे किंवा जिल्ह्याचे ठिकाण गाठावे लागते आणि परतीची एसटी मिळेलच असे नसते. म्हणून आपल्याच पंचक्रोशीत बैठक सुरू करावयाची असेल तर काय करावे, हे अशा एका बैठकीत कित्येक वर्षे बसल्याच्या अनुभवावरून लिहीत आहे. गावाचे नाव लिहिलेले नाही; त्याचे कारण पुढे येईल.

व्यसन सोडलेल्यांनी एकत्र बसून आपापले अनुभव सांगण्याच्या या पद्धतीचे मूळ ठाऊक असलेले बरे. मे १९३५ मध्ये अमेरिकेतील ॲक्रन या शहरात बिल विल्सन नावाचा गृहस्थ धंद्याच्या कामासाठी आला होता. दारू सोडून त्याला काही महिने झाले होते. काम फिसकटले आणि हॉटेलातला बार त्याला खुणावू लागला. त्याने ठिकठिकाणी फोन करून दारूने ग्रासलेला आणखी एखादा माणूस शोधला. त्या माणसाला सुधारण्यापेक्षा त्याच्याशी बोलून स्वतः वाचावे, ही त्याची गरज होती. तो माणूस म्हणजे डॉ. बॉब स्मिथ हे शल्यविशारद, आणि त्या दोघांच्या बोलण्यातून ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ ही चळवळ उभी राहिली. भारतात ती १९५७ मध्ये आली. बोलणाऱ्याचा फायदा ऐकणाऱ्याइतकाच होतो, हे या पद्धतीचे इंजिन आहे आणि म्हणूनच तिला भाषणे देणारा पाहुणा लागत नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॉक्रन आढाव्यात (वैद्यकीय संशोधनांच्या एकत्रित परीक्षणात) २७ अभ्यास आणि १०,५६५ व्यक्तींची माहिती तपासली गेली. दारूपासून सलग दूर राहण्याच्या बाबतीत ही पद्धत इतर प्रस्थापित उपचारांच्या तोडीची, काही बाबतींत सरस ठरली.

तरीही बैठक हा उपचाराला पर्याय नाही, आणि सुरुवात करणाऱ्यांनी ही गोष्ट सर्वांत आधी समजून घ्यावी. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्या माणसाने एकाएकी दारू बंद केली तर काही तासांतच हात थरथरतात, घाम सुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काही जणांना भ्रम होतो, नसलेली माणसे दिसतात, वेळ-काळाचे भान जाते. ही अवस्था जीवघेणी ठरू शकते. चार दिवसांच्या मासेमारीला गेलेल्या होडीवर जवळची बाटली संपली की खलाशाला नेमका हाच त्रास होऊ शकतो, आणि किनाऱ्यावर आणल्यावर घरचे लोक त्याला बाधा झाली असे समजतात. देवाला गाऱ्हाणे घालावयाचे असेल तर जरूर घालावे, परंतु त्याआधी माणूस ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात पोहोचलेला असावा. रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे; व्यसनमुक्तीविषयीच्या चौकशीसाठी १४४४६ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ ही टेली-मानस सेवा आहे. हे क्रमांक बैठकीच्या खोलीत मोठ्या अक्षरांत लावावेत. कोणाला खासगी केंद्रात पाठवावयाचे असेल तर घरच्यांनी स्वतः जाऊन ते पाहावे. साखळदंडाने बांधून ठेवण्यास २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने बंदी आहे, आणि या कायद्याच्या व्याख्येत दारू व अमली पदार्थांमुळे होणारे मानसिक विकारही येतात.

सुरुवातीला माणसे किती हवीत, असे विचारले जाते. दोन पुरतात, मात्र त्यांपैकी एक तरी किमान वर्षभर व्यसनापासून दूर असलेला असावा. त्या दोघांनी आधी शहरातील चार-सहा बैठकांना जाऊन नुसते बसून यावे, कारण बैठक कशी चालते हे वाचून कळत नाही.

जागेचा प्रश्न मात्र वाटतो त्याहून अवघड आहे. देवळाचा सभामंडप फुकट मिळतो, पण तेथे बसलेला माणूस साऱ्या वाडीला दिसतो, शिवाय मुसलमान आणि बौद्ध वाड्यांतील लोक तेथे यायला संकोचतात. पक्षाचे कार्यालय नको, सदस्याचे घर नको. घर घेतले की बैठक घरवाल्याची होते. शाळा सुटल्यानंतरचा एखादा वर्ग किंवा जुन्या वाचनालयाची मागची खोली उत्तम, कारण तेथे जाणारा माणूस कशासाठी गेला हे बाहेरून ओळखू येत नाही. आमचा अनुभव असा की लोकांना स्वतःच्या वाडीतील बैठक नकोच असते, खाडीपलीकडची चालते. तेव्हा दोन काठांवर दोन बैठका निघाल्या आणि इकडचे लोक तिकडे, तिकडचे इकडे जाऊ लागले, तर त्यात वावगे काही नाही. तरीवाल्याला, म्हणजे खाडी पार करून देणाऱ्या होडीवाल्याला, चार पैसे जास्त मिळतील, इतकेच.

वेळ दिवेलागणीची ठेवावी. पिणाऱ्याचे पाय ज्या घटकेला गुत्त्याकडे वळतात, तीच घटका बैठकीने अडवावयाची असते. रविवारी सकाळी सगळ्यांच्या सोयीने घेतलेली बैठक या दृष्टीने निम्मीच उपयोगी पडते. मात्र शेवटची एसटी आणि खाडीवरची शेवटची होडी यांच्या वेळा पाहूनच ती संपवावी. बंदरावर लिलावाची वेळ कोणती, हेही विचारून घ्यावे, नाहीतर मासेमार कधीच येणार नाहीत.

बैठक एक तासाची असावी. एकाने सुरुवात करून द्यावी आणि मग प्रत्येकाने पाचेक मिनिटे स्वतःविषयी बोलावे: हा आठवडा कसा गेला, प्यावेसे केव्हा वाटले, तेव्हा काय केले. ज्याला बोलावयाचे नसेल त्याने नुसते बसावे. कोणी बोलत असताना मध्ये बोलू नये आणि बोलून झाल्यावर ‘तू असे कर’ म्हणून सल्ला देऊ नये. स्वतःच्या बाबतीत काय घडले तेवढे सांगावे, त्यातून ज्याला जे घ्यावयाचे ते तो घेतो. पिऊन आलेल्याला हाकलू नये, पण त्या दिवशी त्याने केवळ ऐकावे. आपल्या माणसांना गजाली, म्हणजे गप्पा, फार प्रिय आणि जुन्या पिण्याचे किस्से रंगवून सांगण्यात आपला हात कोणी धरणार नाही. असा किस्सा सुरू झाला की खोलीत हशा पिकतो आणि नव्याने सोडलेल्याच्या तोंडाला पाणी सुटते. गजाली बैठक संपल्यावर चहाबरोबर कराव्यात, आणि त्यासुद्धा बाटलीच्या नकोत.

गुप्ततेविषयी थोडे अधिक लिहितो, कारण येथेच माझ्या हातून चूक झाली आहे. आठवडी बाजारात आमचा एक सदस्य भेटला आणि मी सहज विचारले, ‘काल आला नाहीस?’ शेजारी त्याचा मेहुणा उभा होता. ‘कुठे?’ एवढेच मेहुण्याने विचारले. तो सदस्य पुन्हा बैठकीला आला नाही. मुंबईत नाव झाकले की माणूस झाकला जातो. येथे चालण्याच्या ढबीवरून घराणे ओळखतात. त्यामुळे नियम कडक हवेत. बैठकीत केवळ पहिले नाव घ्यावे. हजेरीची वही ठेवू नये. फोटो काढू नयेत, वर्धापनदिनालाही नाही. व्हॉट्सॲपचा गट करू नये, कारण गटात कोण कोण आहे हे एका बोटाने दिसते. बैठकीबाहेर भेट झाली तर समोरच्याने विषय काढल्याशिवाय आपण काढू नये. नोकरी, लग्न, जमिनीचा तंटा, यांपैकी कशातही बैठकीत ऐकलेले वापरले गेले, तर ती बैठक संपली असे समजावे.

घरच्या माणसांची बैठक वेगळी असावी, आणि ती पुरुषांच्या बैठकीनंतर सहा महिन्यांनी नव्हे, तर पहिल्या आठवड्यापासून असावी. बिल विल्सन यांच्या पत्नी लोइस यांनी १९५१ मध्ये कुटुंबीयांसाठी ‘अल-अनॉन’ सुरू केले, आणि पुण्याच्या ‘मुक्तांगण’मध्ये, ज्याची स्थापना डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये केली, पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट चालतो. याची गरज का, हे एकदा ऐकले की कळते. नवरा पिऊन पडला की होडीच्या मालकाला ‘ताप आहे’ म्हणून निरोप पाठवणारी, दुकानातील उधारी स्वतःच्या काजूच्या पैशांतून फेडणारी, सासरी-माहेरी हसतमुखाने वावरणारी स्त्री वर्षानुवर्षे एकटीच असते. तिला वाटते की हे फक्त आपल्या घरात आहे. प्रत्यक्षात २०१९ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार दारूच्या त्रासासाठी मदतीची गरज असलेले लोक देशात सुमारे ५ कोटी ७० लाख आहेत. बैठकीत तिला सर्वप्रथम ऐकू यावयास हवे की हे व्यसन तिच्यामुळे लागलेले नाही, ते तिच्या ताब्यात नाही आणि ते बरे करणे तिच्या हातात नाही.

त्यानंतरची कामे व्यवहाराची आहेत. खोटा निरोप पाठवणे थांबवावे; मालकाला उत्तर ज्याचे त्याने द्यावे. उधारी फेडू नये. नशेत असलेल्याशी वाद घालू नये, जे बोलावयाचे ते सकाळी बोलावे. स्वतःची कमाई बचत गटात किंवा स्वतःच्या खात्यात ठेवावी. मारहाण होत असेल तर बैठकीची वाट पाहू नये. ११२ किंवा महिलांसाठीचा १८१ हा क्रमांक लावावा आणि त्या रात्री कोणाकडे जावयाचे हे आधीच ठरवून ठेवावे. मुलांशीही बोलावे, कारण त्यांना सगळे कळत असते.

एक धोका मुद्दाम नोंदवतो. चहात किंवा आमटीत मिसळून ‘न कळत दारू सोडवणारी’ पावडर विकली जाते, आणि बिचाऱ्या घरच्यांचा हेतू वाईट नसतो. अशा पावडरीत असू शकणारे डायसल्फिराम नावाचे औषध दारूबरोबर पोटात गेले की चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब घसरतो. क्वचित प्राणही जातो. हे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली, घेणाऱ्याला पूर्ण माहिती देऊन आणि त्याच्या संमतीनेच द्यावयाचे असते. ज्याला ते कळलेलेच नाही, तो संध्याकाळी नेहमीप्रमाणे पितो.

पुन्हा घसरलेला माणूस परत येतो तेव्हा बैठकीची परीक्षा असते. ‘किती दिवस टिकला होतास’ असे न विचारता ‘बस’ म्हणावे आणि इतरांसारखीच त्यालाही पाच मिनिटे द्यावीत. त्याच दिवशी एका जुन्या सदस्याने त्याला आपला फोन नंबर देऊन रोज रात्री एक फोन ठरवून घ्यावा. ब्राउन शुगर किंवा तत्सम अफूजन्य पदार्थ सोडलेल्यांना वेगळी सूचना द्यावी लागते: काही आठवड्यांच्या खंडानंतर शरीराची सहनशक्ती उतरलेली असते आणि पूर्वीचाच डोस जीव घेऊ शकतो.

आपल्याकडचे वर्ष घसरणीच्या दृष्टीने सारखे नसते, तेव्हा भिंतीवरचे कॅलेंडर पाहून बैठका वाढवाव्यात. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते. होड्या शाकारलेल्या, हात रिकामे, बाहेर पाऊस आणि त्यात गटारी अमावास्या. या दोन महिन्यांत आठवड्याला एकाऐवजी दोन बैठका घ्याव्यात. ऑगस्टमध्ये पहिल्या फेऱ्यांचे पैसे हाती येतात, तेव्हा वाटणीच्या दिवशी पत्नीने किंवा मित्राने सोबत असावे. गणपतीला चाकरमानी भाऊ येतो आणि ‘वर्षातून एकदा’ म्हणून बाटली काढतो. त्याला काय उत्तर द्यावयाचे, हे बैठकीत आधी मोठ्याने बोलून पाहावे, चारचौघांत ऐकू येईल इतके मोठ्याने. शिमग्यालाही तसेच. ज्या गावांत राखणदाराला, म्हणजे गावाच्या रक्षक देवाला, दारू दाखवतात, तेथील सदस्य मानकरी असेल तर त्याने महिनाभर आधी गावकारांना भेटून ते काम भावकीतील दुसऱ्याकडे सोपवावे. असे विचारले तर गाव सहसा नाही म्हणत नाही. आयत्या वेळी नाही म्हटले तर मात्र मानापमान होतो.

पैशांचा भाग थोडक्यात. नोंदणी, पावतीपुस्तक, देणगीदार यांची गरज नाही. चहा आणि वीज यांपुरते पैसे डब्यात टाकावेत आणि निवडणुकीच्या दिवसांत कोणी सतरंज्या देऊ केल्या तर त्या नम्रपणे परत कराव्यात.

खोलीची किल्ली एकाच माणसाकडे वर्षभर ठेवू नये. आमच्याकडे ती तीन महिन्यांनी बदलते. घेणारा किमान सहा महिने व्यसनापासून दूर असावा. त्याने अर्धा तास आधी येऊन खुर्च्या लावाव्यात, आणि कोणी आले नाही तरी तासभर खोली उघडी ठेवावी, कारण नवा माणूस पुष्कळदा दोन-तीन वेळा रस्त्यावरून नुसता बघून जातो आणि दार बंद दिसले की चौथ्यांदा येत नाही.